भावाला तुरुंगात उपचार मिळवून देताना

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे हे आमच्या गल्लीत कुणापासून लपलेलं नव्हतं. शेजाऱ्याच्या डोक्यात त्याने वीट घातली तेव्हा त्याच्या गोळ्या बंद होऊन बरेच दिवस झाले होते. शेजारी वाचला, पण कलम अजामीनपात्र लागलं. भाऊ आत गेला आणि त्याच्या फायली घरी राहिल्या.

मी नेलेल्या गोळ्या गेटवरूनच परत आल्या. आतला डॉक्टर लिहून देईल तीच गोळी चालते. नियम बरोबरच आहे, पण या माणसाला आजार आहे हे त्या डॉक्टरला सांगणार कोण? भाऊ तर 'मला काही झालेलं नाही' असंच म्हणणार.

मुलाखतीला तो काचेपलीकडे बसला. रिसीव्हर कानाला लावेना, वायरकडे बघत राहिला. शर्टाची बटणं एकेक घर सोडून लावलेली. रात्री ओरडतो म्हणून बरॅकमधल्यांनी मारलं होतं, तेव्हापासून त्याला वेगळ्या खोलीत ठेवलेलं. "त्याच्याच सुरक्षेसाठी ना, ताई," ड्युटीवरचा शिपाई म्हणाला. एकट्या खोलीत त्याला ऐकू येणाऱ्या भासाच्या आवाजांना रान मोकळं मिळतं, हे मी सांगून पाहिलं. "इथे बरेच जण असं नाटक करतात. खरा कोण ते आम्ही कसं ओळखायचं?" त्याचंही चूक नव्हतं. त्याला ते शिकवलंय कुणी?

गेटवर विनवण्या करून काही हलत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकील दिली, मोफत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाचं त्यासाठी उत्पन्न बघत नाहीत. वकीलताईंनी आधी भावाची हकीकत ऐकलीच नाही. जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन मागितलं. त्यांच्या झेरॉक्स जोडून एक अर्ज कारागृह अधीक्षकांना दिला, पोच शिक्क्यासह. दुसरा कोर्टात.

कोर्टातला अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम 367 खाली होता. आरोपी मनाच्या स्थितीमुळे स्वतःचा बचाव करू शकत नाही असं वाटलं, तर न्यायदंडाधिकारी त्याला जिल्हा शल्यचिकित्सकाकडून तपासून घेतात आणि तिथून तो सरकारी मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. आदेश झाला. पण सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचं तर पोलीस गार्ड लागते आणि ती मिळेना. कधी बंदोबस्त, कधी मोठ्या केसची पेशी. शेवटी वकीलताईंनी गार्ड पुरवण्याची जबाबदारी कुणाची, हे आदेशातच लिहून घेतलं. मग गाडी आली.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. त्यांतल्या एकात त्याला भरती केलं. तिथे गोळीऐवजी दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन सुरू झालं. तुरुंगातल्या पेशंटच्या घरच्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं. गोळी जिभेखाली दडवून नंतर थुंकता येते, आणि कैदी वाढल्यावर कोण कुणाचं तोंड उघडून बघतो?

तो सुधारला आणि माझी धाकधूक वाढली. बरा झाला की परत त्याच बरॅकमध्ये. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती वाचून मी हसले: तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला अहवाल पाठवायचा, की आमच्याकडे मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही. असलेल्यांना शोधा असं नाही, नाहीत असं लिहून द्या.

वाट निघाली ती नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 369 मधून. भरती ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक नियमित ओपीडी उपचारांची व तो कुणाला इजा करणार नाही याची हमी देत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. हमीपत्रावर सही करताना न्यायाधीशांनी विचारलं, "घरात पुरुष माणूस कोण आहे?" मी म्हटलं, "मी आहे, साहेब." वकीलताईंनी खाली बघून हसू आवरलं.

आता प्रत्येक इंजेक्शनचा कागद फाइलला लावते, कारण तारखेला तो दाखवावा लागतो. भाऊ बचाव करण्याइतका बरा आहे असा अहवाल आला की खटला पुन्हा सुरू होईल. परवा त्यानेच विचारलं, "साक्षीला शेजारच्या काकांना बोलावतील का गं?" वकीलताई म्हणाल्या, बोलावतीलच.