भोक नसलेला ब्रश

दुपारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता परकराची नाडी सटकन आत गेली. अशा वेळी शोधायचा तो जुना टूथब्रश, दांडीच्या टोकाला भोक असलेला. भोकात नाडी ओवायची, गाठ मारायची आणि नेफ्यातून पुढे पुढे सरकवत न्यायचा. सेफ्टी पिनवर माझा विश्वास नाही. ती नेमकी मध्यावर गेली की उघडते, आणि आता ओढायची की ढकलायची ते कळत नाही. घरभर शोधलं तर हाताला लागला तो बांबूचा ब्रश. भाचीने दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर सगळ्यांना एकेक वाटला होता. खोक्यावर हिरवं पान, आत जाड खाकी कागद, पृथ्वीच्या भल्याच्या चार ओळी. दांडीला भोक मात्र नाही.

हल्लीच्या प्लॅस्टिकच्या ब्रशांनाही ते नसतं म्हणा. दांडीवर रबराची नक्षी, मान वाकडी, केस तीन रंगांचे. पण भोक गेलं तेव्हा कुणी ब्र काढला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आमच्या सासूबाईंच्या राज्यात ब्रशला बढत्या मिळायच्या. दातांची नोकरी संपली की तो केसांच्या डायला लागायचा. मग कंगवे. मग गॅसच्या बर्नरची जाळी, मिक्सरच्या झाकणाची खाच, निरांजनाच्या पाकळ्यांमधली काजळी. देवाच्या भांड्यांसाठी मात्र कोरा ब्रश वेगळा घेतलेला असायचा, तिथे उष्ट्याचा प्रश्न. अगदी केस आडवे झाले की सायकलच्या चेनला. पेस्टची ट्यूबही अशीच, आधी लाटण्याने लाटून, मग कात्रीने उभी कापून आतून बोट फिरवायचं. या सगळ्यात पर्यावरण हा शब्द सासूबाईंच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. पैसे दिलेत, वसूल झाले पाहिजेत, एवढंच.

बांबूच्या ब्रशकडे त्यांनी पहिल्या दिवसापासून संशयाने पाहिलं. जुलैत आमच्या न्हाणीघरात काहीच वाळत नाही. पंधरवड्यात दांडीचं बूड काळं पडलं. ‘कालथ्यासारखा उन्हात ठेवत जा,’ असा सल्ला मिळाला. पण ऊन कुठलं? खोक्यावर बारीक अक्षरात असंही लिहिलेलं, की खतात टाकण्यापूर्वी केस पकडीने उपटून काढा. म्हणजे केस नायलॉनचेच. नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश अमेरिकेत 1938 साली बाजारात आला. त्याआधी चांगल्या ब्रशला रानडुकराचे केस असत. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

साध्या ब्रशाचं तरी काय होतं? कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं. त्यांनी सुक्या कचऱ्यातून दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढल्या, बाटल्या वेगळ्या काढल्या, ब्रश तसाच राहू दिला. ‘ह्याला भंगारात कोणी विचारत नाही.’ दांडी एका प्लॅस्टिकची, केस दुसऱ्याचे, वर रबर. एवढ्याशा वस्तूची फोड करत कोण बसणार?

भाची म्हणते, तुमच्या आजी-आजोबांच्या वेळी किती छान होतं सगळं. होतं की. आमचं आजोळ सांगोल्याकडचं. आजोबा सकाळी बांधावरच्या बाभळीची करंगळीएवढी काडी मोडायचे, काटे नखाने उडवायचे, एक टोक चावून चावून कुंचला करायचे आणि ती तोंडात ठेवून शिवारभर फिरायचे. दाढेत काडी धरूनच गड्याला कामं सांगायचे. आम्हाला त्यातलं अक्षर कळायचं नाही, गड्याला सगळं कळायचं. शेवटी काडी मधोमध उभी चिरून तिच्या कांबीने जीभ खरवडायची, चूळ भरायची, काडी उकिरड्यावर. संपलं. ना ट्यूब, ना टोपण, ना खोका. आम्हा पोरांना माकडछाप काळी पावडर, डाव्या तळहातावर चिमूटभर. ओट्यावर ओळीने उकिडवं बसून घासायचं आणि कोण लांब थुंकतो ते बघायचं. ती संपली की राखुंडी, गोवऱ्यांच्या राखेची, मीठ घातलेली. ती कचकच मला आजही दातांखाली जाणवते.

पण त्याच आजोबांना मी भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाताना पाहिलेलं नाही. समोरचे चार दात तेवढे ऐटीत उभे, मागे सगळं ओसाड. आणि आजी मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर भाजायला घेतला की अख्खं घर खोकत अंगणात यायचं. सकाळी लावायची, जेवणानंतर लावायची, दुपारी शेजारणी आल्या की डबी फिरायची. नाव दात घासण्याचं. मिश्री संपली की आजीचं डोकं धरायचं आणि आम्हाला विनाकारण धपाटे बसायचे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 साली बंदी आली. घरच्या तव्यावर काय भाजलं जातं ते मात्र कोण बघायला येतो? प्लॅस्टिकचा एक कण न वापरता आजीने आपल्या तोंडाची वाट लावून घेतली. त्यामुळे जुनं ते सगळं सोनं, असं कुणी म्हणालं की मी विषय बदलते.

भाचीने आता पेस्टच्या गोळ्या आणल्यात, काचेच्या बरणीत. एक चावायची, फेस झाला की ब्रश फिरवायचा. त्यात फ्लोराइड आहे का, एवढंच मी विचारलं, तर ‘ते केमिकल असतं ना?’ मीठही केमिकलच, पण जाऊ दे. सासूबाईंनी बरणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, ‘कवळीला चालतील का गं?’

गंमत म्हणजे या सगळ्या हिरव्या उत्साहात नळाबद्दल कोणीच बोलत नाही. भाची बांबूच्या ब्रशने दात घासते आणि तेवढा वेळ बेसिनचा नळ सुरू. मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी सहज जातं. हे आमच्या घरात फक्त लातूरच्या आत्याबाईंच्या लक्षात आलं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, ते दिवस त्यांनी काढलेत. त्या राहायला आल्या की सकाळी दात घासणाऱ्याच्या पाठीमागे येऊन उभ्या राहतात, हात लांब करून नळ बंद करतात. ‘वाहून चाललंय की सगळं!’ स्वतः एका तांब्यात दात, तोंड आणि चष्मा उरकतात आणि उरलेलं कुंडीत ओततात. ब्रश अर्थात प्लॅस्टिकचा, चांगला भोकाचा. भोकात सुतळी घालून खिळ्याला टांगतात.

मागच्या महिन्यात दाढ दाखवायला गेले होते. लहानपणी भरलेली चांदी अजून शाबूत आहे. या चांदीत जवळजवळ निम्मा पारा असतो. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीत कारखान्याने पारा सोडला, मासे खाऊन माणसं वेडीवाकडी झाली, मेली. त्या गावाच्या नावाने 2013 साली पाऱ्याविरुद्ध जगभराचा करार झाला, त्यात ही दातांतली चांदीही आली. भारतानेही तो मान्य केलाय. मी डॉक्टरांना म्हटलं, मग काढून टाकायची का? ते म्हणाले, ‘दुखत नाही, हलत नाही, तर हात लावायचा नाही. काढतानाच जास्त पारा उडतो.’

‘आणि नंतर?’

‘नंतर म्हणजे?’

नंतर म्हणजे नंतर. स्मशानात, त्या उष्णतेत पाऱ्याची वाफ होते आणि धुराबरोबर हवेत जाते. भाचीला हे सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘मावशी, आधी ती दाढ काढून घ्या म्हणून कुणाला तरी सांगून ठेव ना.’ पोरीचं मन साफ आहे. रात्री नवऱ्याला सांगून ठेवलं. त्याने पेपर खाली केला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, ‘आधी मी गेलो तर? माझ्या तोंडात तीन आहेत.’