ग्रेनाडाचा मसाला बाजार: जहाज धक्क्याला असताना

ग्रेनाडा हे कॅरिबियन बेट, सेंट जॉर्जेस त्याची राजधानी. सेंट जॉर्जेसला क्रूझ मेल्व्हिल स्ट्रीटच्या धक्क्याला लागते आणि मार्केट स्क्वेअर तिथून चालत पाचेक मिनिटांवर आहे. नुसत्या बाजारासाठी जहाजाची पॅकेज सहल घेऊ नका. पॅकेजवाल्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा आपलं घड्याळ आपणच सांभाळायचं.

घोटाळा होतो तो इथेच. ग्रेनाडाची वेळ वर्षभर एकच असते. हिवाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज मायामीचीच वेळ पाळत असेल, तर ते इथल्यापेक्षा एक तास मागे असतं, आणि मोबाइल मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून आपोआप पुढे जातो. इथे मोबाइलवर विसंबलात तर तासभर आधी परताल, फार तर बाजारातला एक तास वाया जाईल. फरक उलट बाजूचा, म्हणजे मोबाइल जहाजाच्या मागे असलेल्या बंदरात मात्र जहाज निघून गेलेलं असतं. त्यामुळे मनगटावर जहाजाच्या वेळेचं साधं घड्याळ हवं. परतण्याची शेवटची वेळ सहसा जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. आपण त्याआधी आणखी तासभर हाताशी ठेवावा.

बाजार सकाळी लवकर गाठा. शनिवारी तो सगळ्यात भरलेला असतो, रविवारी बहुतेक बंद. आणि लष्करी छापाचे, कॅमोफ्लाज कपडे घालून उतरू नका. सामान्य माणसाने ते घालणं इथे बेकायदा आहे, लहान मुलांची टोपीसुद्धा जहाजावरच ठेवलेली बरी.

इथलं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर बांधलेला आहे. गाळ्यावर अमेरिकन डॉलर चालतात, पण सुटे परत मिळतात ते बहुधा स्थानिक चलनात. विक्रेतीने नुसतं ‘वीस डॉलर’ म्हटलं तर कुठले, हे आधी विचारा. वीस स्थानिक डॉलर म्हणजे जेमतेम ७.४० अमेरिकन. १ आणि ५ च्या अमेरिकन नोटा भरपूर न्याव्यात. आणि भावाआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं. इथे हा रिवाज मनापासून पाळला जातो, न बोलता थेट मालाला हात घालणं उद्धटपणाचं वाटतं.

आता मसाले. पहिली अडचण नावांची. पुडीवर ‘सॅफ्रन’ लिहिलेलं असतं, आत असते हळद. केशर समजून घेऊ नका आणि फसवलं म्हणून भांडूही नका, इथे हळदीला तेच म्हणतात. नुसतं ‘स्पाइस’ म्हणजे दालचिनी. ‘बे लीफ’ हे आपलं तमालपत्र नव्हे. झाड वेगळं, वास लवंगेकडे झुकणारा.

या बेटावर यावं ते जायफळासाठी. १८४३ च्या सुमारास ते इथे आलं आणि पुढे देशाच्या झेंड्यावर जाऊन बसलं. २००४ च्या इव्हान वादळाने बहुतेक झाडं झोपवली. नवं झाड फळायला सहा ते आठ वर्षं लागतात, भर यायला वीसेक. त्यात रोप नर की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही. एवढी वाट पाहून हाती आलेल्या मालाला घासाघीस करून आणखी पाडून मागणं मला पटत नाही.

जायफळ घ्यायचं ते तपकिरी कवचासकट. कानाशी धरून हलवा. आतला गर नीट वाळला की आकसून कवचापासून सुटतो आणि खुळखुळतो. आवाज नाही म्हणजे ओल शिल्लक आहे. मग हातावर तोलून पाहा. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर आतून पोकळ किंवा किडलेलं असण्याची शक्यता जास्त. बारीक छिद्र दिसलं की बाजूला ठेवा. कवचातलं जायफळ वर्षानुवर्षं टिकतं, पूड काही महिन्यांत निस्तेज होते, कारण वास ज्या तेलात असतो ते उडून जातं. जायपत्री ताजी असताना लालभडक असते, वाळली की पिवळसर नारिंगी होते. तुकडा वाकवून बघा: कडकन मोडला तर घ्या. नुसता वाकला तर केबिनमधल्या प्लास्टिकच्या पिशवीत त्याला बुरशी धरेल. घरी पोचेपर्यंत सगळं कागदी पिशवीतच राहू द्या.

कोकोचे गोळे जरूर घ्या. भाजून वाटलेल्या कोकोच्या बियांत बहुधा दालचिनी-जायफळ घातलेलं असतं. गोळा किसून पाण्यात उकळायचा, दूध-साखर घालून गाळायचा. वर तूप तरंगतं ते कोकोचंच, काढून टाकू नका. मसाल्यांच्या माळा छान दिसतात, पण त्या भिंतीवर टांगण्यापुरत्या. पुड्यांमध्ये सुरकुतलेली काळी टोंका बी दिसली आणि पुढे अमेरिकेत उतरायचं असेल, तर सोडून द्या. तिच्यात कौमारिन हे वासाचं रसायन असतं, आणि १९५४ पासून तिथे अन्नात ते घालायला मनाई आहे.

जहाजावर चढताना सामान स्कॅनरमधून जातं. रमची बाटली प्रवास संपेपर्यंत ठेवून घेतली जाते. ताजी फळं आणि रोपं बंदरातच संपवा किंवा सोडा. वाळलेले मसाले शेवटच्या बंदरात कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा, जायफळ अख्खं आहे हेही लिहा, आणि पिशवी वरच ठेवा, म्हणजे उघडायला सांगितली तर सगळी बॅग उपसावी लागत नाही.