परिघीकरण कोणी केलं?

जिल्हा आवृत्तीच्या संपादकीय पानाला बाहेरचे लोक फार मान देतात. आत आल्यावर कळतं, की ते पान दुपारी तीनपासून सातपर्यंत एकच माणूस लावतो आणि सातनंतर तोच माणूस महामार्गावरच्या अपघाताची बातमीही लावतो. तो माणूस म्हणजे मी. अग्रलेख मुख्यालयातून तयार येतो. जळगावच्या वाट्याला उरतो खालचा स्थानिक लेख, वाचकांची पत्रं आणि कोपऱ्यात बऱ्हाणपूरच्या लिलावातले केळीचे भाव. रावेर-यावलकडे हे पान उघडतात ते त्या भावांसाठी, लेखासाठी नाही. हे लेखकांना सांगायचं नसतं.

लेखाची जागा साडेसातशे शब्दांची आणि येणारा लेख चौदाशेचा. कापण्याचं काही वाटत नाही, हाताला सवय असते. त्रास होतो तो जड शब्दांचा. त्यात भाषाप्रेम वगैरे काही नाही, कॉलमची रुंदी आहे. आमचा कॉलम चार सेंटिमीटरच्या आसपासचा. इंग्रजी पेपरवाले ओळीच्या टोकाला शब्द तोडून आडवी रेघ देतात, मराठीत आम्ही शब्द तोडत नाही. 'धोरणात्मकदृष्ट्या' आला की तो ओळीत मावत नाही, खाली उडी मारतो आणि वर उरलेले दोन शब्द ओळभर ताणले जाऊन मधे पांढरी भगदाडं पडतात. ऑपरेटर अक्षरांमधलं अंतर कमी करून बघतो, तर काने-वेलांट्या एकमेकांत घुसतात. त्यात लेख येतो युनिकोडमध्ये आणि आमचं पान लागतं जुन्या फॉन्टवर. या रूपांतरात पहिला बळी जोडाक्षराचा जातो. आमचे मुद्रितशोधक निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली नाही, तेव्हा पडलेली जोडाक्षरं उचलायलाही मीच. पल्लेदार शब्दांशी माझं वैर आधी डोळ्यांचं आहे, विचारांचं नंतर सुरू झालं.

आमच्या पानावर नेहमी लिहिणारे एक सर आहेत, अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. यावल तालुक्यातले, फैजपूरच्या जवळचे. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं आणि सरांच्या बहुतेक लेखांच्या दुसऱ्या परिच्छेदात ते पुन्हा भरतं. घरची केळी आहे, ती धाकटे बंधू बघतात. सरांचा लेख छापून आला की विद्यार्थी त्याचा फोटो काढून 'सर, अभ्यासपूर्ण!' म्हणून फिरवतात. फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत, पण त्याने कोणाचं अडल्याचं मी ऐकलेलं नाही.

या वेळचा लेख हवामान आधारित फळपीक विम्यावर होता. केळीशी घेणं-देणं नसलेल्यांसाठी सांगतो. या विम्यात थंडी-उन्हाची भरपाई तुमची बाग बघून ठरत नाही. महसूल मंडळासाठी, म्हणजे काही गावांच्या गटासाठी, हवामान केंद्राचं एक यंत्र असतं. हिवाळ्यात पारा ठरलेल्या अंशाखाली ठरलेले दिवस सलग राहिला किंवा उन्हाळ्यात ठरलेल्या अंशावर राहिला, तर त्या मंडळातल्या विमा काढलेल्यांना पैसे. वाऱ्यालासुद्धा आधी यंत्राची नोंद लागते. यंत्राला वारा दिसला नाही, तर कापणीवर आलेली केळी तुमच्या डोळ्यांदेखत आडवी होवो, कागदावर वारा आलेलाच नसतो. यंत्र गावापासून किती लांब आहे, झाडाच्या आडोशाला आहे की उघड्यावर, नोंदीत खाडा पडला तर काय धरायचं, यावर आमच्याकडे पारावर अख्खी संध्याकाळ जाते आणि बोलणारे सगळे आकडे तोंडपाठ सांगतात.

सरांनी या सगळ्याचं केलेलं वाक्य असं होतं: 'संस्थात्मक उदासीनतेच्या पार्श्वभूमीवर जोखीम-हस्तांतरणाच्या या प्रारूपात प्रत्यक्ष उत्पादक घटकाचे परिघीकरण घडून येत आहे, आणि त्यास अंतर्गत विकृतींचाही हातभार लागत आहे.'

परिघीकरण म्हणजे कडेला लोटलं जाणं. मी फोन केला. म्हटलं, सर, हे वाक्य जरा सोडवून देता का? ते म्हणाले, "फोनवर नको, मी येतोच." दुपारच्या एसटीने आले. अंगात पांढरा सदरा, खांद्याला शबनम आणि पिशवीत शासन निर्णयाची झेरॉक्स, तीही पिवळ्या पेनने रेघा मारलेली. असे लेखक आता राहिलेले नाहीत. बाकीचे 'योग्य ते बदल करावेत' असा निरोप टाकतात आणि छापून आल्यावर दुसरा निरोप टाकतात.

माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून आम्ही ओळीओळीने बसलो. पहिला खटका उडाला तो 'प्रमाणके'वर, म्हणजे पारा-वाऱ्याच्या ज्या मर्यादेला पैसे लागू होतात त्या मर्यादांवर. शासन निर्णयात तोच शब्द आहे हे खरं. मी विचारलं, तुमचे बंधू काय म्हणतात? सर हसले. "ट्रिगर. काल रात्रीही विचारत होता, आपल्या मंडळाले ट्रिगर लागला का म्हणून." मग ट्रिगरच ठेवला. तेवढ्यात आमचे आवृत्तीप्रमुख मागे येऊन उभे. त्यांचा इंग्रजी शब्दांवर राग आहे, तोही निवडक. 'पॅकेज', 'टेंडर', 'मार्केटिंग' त्यांना चालतं. म्हणाले, "आपण बहिणाबाईंच्या जिल्ह्यातले. त्यांच्यासारखं सोपं लिहा की."

हे वाक्य मी जळगावात इतक्यांदा ऐकलंय की आता कान ऐकत नाहीत. बहिणाबाईंची बोली आसोद्याला, त्यांच्या माहेरी, सोपी. पाठ्यपुस्तकात त्यांच्या कवितेखाली शब्दार्थ छापावे लागतात, कारण पुण्या-मुंबईच्या पोराला ते शब्द परके असतात. सोपं कोणासाठी, हे विचारल्याशिवाय 'सोपं लिहा' म्हणणाऱ्याने काही सांगितलेलंच नसतं. याचा पुरावा त्याच दिवशी साडेचारला आला. मुख्यालयातून पान बघणाऱ्या मुलीचा फोन: "लेखात 'पिलबाग' म्हणजे काय? वाचकाला कळणार नाही, काढू या का?" पहिलं पीक घेतल्यावर त्याच खोडाजवळच्या पिलावर जी बाग धरतात ती पिलबाग. लागवडीची पहिली ती नवती. ज्या वाचकासाठी लेख आहे तो हे शब्द दिवसात पन्नास वेळा उच्चारतो. मी सांगितलं, राहू द्या. आणि विचारलं, 'परिघीकरण' खटकलं नाही का? ती म्हणाली, "नाही, ते ठीक वाटतंय." तिने ते वाचलंच नसणार. आम्ही सगळेच असे शब्द ओलांडून पुढे जातो. गतिरोधकाची सवय झालेल्या ड्रायव्हरला गाडी उडाल्याचंही कळत नाही, तसं.

आमच्याकडची नवी मुलं संस्कृतच्या वाटेला जात नाहीत, पण 'नॅरेटिव्ह', 'इकोसिस्टम', 'स्टेकहोल्डर' यांनी तेच काम करतात. 'स्टेकहोल्डर'मध्ये शेतकरी, व्यापारी, विमा कंपनी आणि कलेक्टर एका बाकावर बसतात आणि कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेलं ते दिसेनासं होतं. ड्रिप, टिश्यू, ट्रिगर हेही इंग्रजीच, पण त्यांच्या मागे काही लपत नाही. ड्रिप म्हणजे नळी, ती शेतात दिसते.

तर ते वाक्य. मी विचारलं, "सर, परिघीकरण कोण करतंय?"

"प्रक्रिया आहे ती."

"कंपनी करते? कृषी खातं करतं?"

"दोघंही. आणि दोघंही नाही."

"आणि अंतर्गत विकृती म्हणजे?"

सर बराच वेळ शासन निर्णयाच्या रेघा बघत राहिले. ऑपरेटरने हेडफोन लावला होता, तो त्याने काढला. त्या मुलाला चोवीस तास काही ऐकू येत नाही, पण असल्या वेळी बरोबर येतं. मग सर म्हणाले, "केयी नाही त्या शेतावर केयीचा विमा. माहीत आहे ना?"

माहीत होतंच. जिल्ह्यात ही प्रकरणं गाजली होती. आम्ही बातम्या छापल्या होत्या, सगळ्या 'काही शेतकऱ्यांनी' असल्या भाषेत. सरांना जे सांगायचं होतं ते त्यापुढचं होतं. त्यांच्या भागात असे अर्ज भरून देणारी माणसं कोण, कोणाच्या सातबाऱ्यावर काय चढलं आणि त्यानंतर खऱ्या केळीवाल्यांच्याही बागा तपासणीत कशा अडकल्या, हे त्यांनी पाच-सात मिनिटांत सरळ सांगितलं. नावं घेतली नाहीत, पण गल्ली कळेल इतकं बोलले. इतकी चोख मराठी त्यांच्या एकाही लेखात मी वाचलेली नव्हती.

मी म्हटलं, हेच लिहू या. तेव्हा ते जे बोलले ते मी तेव्हापासून चघळतोय.

"भाऊ, तो शब्द मी मिरवायला नाही घातलेला. मला त्या गावात राहायचं आहे. ज्यांना कळायचं त्यांना तेवढ्यातही कळलं असतं. आणि दुसरं असं, की प्रत्येक गोष्टीला कर्ता असतोच असं नाही. यंत्र आठ किलोमीटरवर बसलं यात कोणाचा डाव नाही. बँकेने हप्ता कापला, पावती उशिरा आली, पोर्टल बंद होतं. प्रत्येकाने आपलं काम केलं आणि माणूस बाहेर फेकला गेला. याला तुमच्या सोप्या मराठीत काय म्हणता, सांगा."

मला सांगता आलं नाही. 'माणूस वाऱ्यावर सुटला' असं काहीतरी मी म्हटलं, तर ते म्हणाले, "सोडणारा कोण? पुन्हा तेच."

शेवटी त्यांनी माझा पेन घेतला, ते वाक्य आडवं मारलं आणि बाजूला लिहिलं: 'ज्या शेतात केळी नाही, तिथे केळीचा विमा निघाला. तो काढून देणारे मुंबईहून आले नव्हते.' त्यानंतर यंत्राबद्दल, उशिरा आलेल्या पावतीबद्दल, खात्याबद्दल एकेक सरळ ओळ. लेख आपोआप सातशे शब्दांवर आला. फैजपूर अधिवेशनही त्यांनी स्वतःच काढलं. मी विचारलं, नाव घालायचं ना? ते म्हणाले, "नाव नाही तर लेख कशाला?" आणि सहाच्या गाडीने गेले.

लेख आला त्या दिवशी 'अभ्यासपूर्ण' म्हणणारं कोणी नव्हतं. फोन मात्र आले, सरांनाही आणि ऑफिसलाही. काही चिडलेले होते, काही खूश. एकाने मला वेगळाच जाब विचारला. लेखाला मी शीर्षक दिलं होतं, त्यात 'बळीराजा' होता. "सगळं बरोबर लिहेल आहे," तो म्हणाला, "पण ते बळीराजा कायले? राजा म्हनलं की समजतं, आता देनं-घेनं काही नाही." शीर्षक मला दोन ओळींत बसवायचं होतं आणि बळीराजा बसतो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

मला अडतं ते दुसरीकडे. आलेल्या फोनांपैकी जवळपास सगळे त्या एका ओळीवर होते, मुंबईहून न आलेल्या माणसांवर. यंत्राबद्दल कोणी बोललं नाही. खात्याकडून खुलासा आला नाही, कंपनीकडून तर नाहीच. सरांच्या आधीच्या वाक्यात दोष सगळ्यांत थोडा-थोडा वाटला गेला होता आणि कोणालाच लागला नव्हता. नव्या लेखात तो सगळ्यांत जवळ राहणाऱ्यांना लागला. खोटं काहीच नव्हतं. पण सरळ वाक्याला कर्ता लागतो आणि कर्ता शोधायला गेलं की आधी शेजारी सापडतो. कार्यालयं लांब असतात, त्यांना चेहरा नसतो. सरांच्या जड शब्दाने निदान त्या लांबच्यांना हिशेबात धरलं होतं. आवृत्तीप्रमुखांना मी हे बोललो, तर ते म्हणाले, "लेख वाचला गेला ना? मग?" त्यांचंही चूक नाही. वाचलाच गेला नसता, तर मला हा प्रश्नही पडला नसता.

सरांच्या बंधूंशी दूध डेअरीवर काही जण बोलेनासे झाले, असं मागाहून कळलं. सर स्वतः मजेत आहेत. म्हणाले, "पूर्वी लोक शाल द्यायचे, आता भांडायला घरी येतात. चहा मात्र तितकाच लागतो."

आता त्यांचा कापसावरचा लेख आलाय. 'वजनविषयक विसंगती', 'श्रेणीनिर्धारणातील व्यक्तिनिष्ठता', 'हंगामी तरलतेचा अभाव'. खाली स्वतंत्र ओळीत सूचना: 'यात तीन ठिकाणी कर्ता हेतुपुरस्सर ठेवलेला नाही. विचारू नये.' तिसरं, तरलतेचं, मला पटतं. हंगामात पैसा सगळ्यांकडेच आटतो, त्याला कोण काय करणार. दुसऱ्यावर मी विचार करतोय. वजनविषयक विसंगती म्हणजे मात्र कट्टी, वजनातली कपात. ती क्विंटलमागे कोण कापतं हे सरांना माहीत आहे, मला माहीत आहे आणि गाडी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. उद्या दुपारी त्यांना फोन करायचा आहे, त्यांची झोप झाल्यावर.