अडलेली करंगळी

उजव्या हाताची कात्री, डाव्याची मूठ. मूठ कात्रीच्या पाठीवर ठेवली की झाली गोगलगाय! जपानी बालवाडीतल्या 'गू-चोकी-पा' (मूठ-कात्री-पंजा) या हातांच्या खेळगाण्यात लहानगी नेमकी इथेच अडतात.

दोन बोटं ताठ होतात, पण अनामिका आणि करंगळी काही केल्या मिटत नाहीत. अंगठ्याने ती दाबून धरायची, हे दाखवावं लागतं. तोवर फुलपाखरू बरं: दोन्ही पंजे पसरायचे, अंगठे एकमेकांत अडकवायचे, बाकीची बोटं फडफडवायची. दोन कात्र्यांचा खेकडा नंतर.

समोर उभं राहून शिकवणाऱ्याने मात्र 'उजवा' म्हणत डावा हात उचलायचा, आरशासारखा. नाहीतर सगळा गोंधळ!

चाल 'फ्रेर जाक' या फ्रेंच बालगीताची. गाताना वेग आपोआप वाढतो. तो आवरायचा.

तुमची करंगळी मिटते का हो एका दमात?