उलटा फ्लॅट पॅटर्न सरळ करताना: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेस पत्र्याची पॅनेलं बनतात. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमधलं मॉडेल, बेंड, होल सगळं सुरळीत झालं. अडलं ते ड्रॉइंगवर. गिऱ्हाइकाला फ्लॅट पॅटर्नमध्ये, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याच्या आकृतीत, फिल्मची (संरक्षक प्लास्टिक चिकटवलेली) बाजू वर आणि लांब कड आडवी हवी होती. आमचा व्ह्यू उभा, आणि वर दिसायची पाठ. ड्रॉइंग परत यायचं, शेरा एवढाच: 'ओरिएंटेशन चूक'. नेमकं काय चूक, ते नाही. फोन केला की 'मेल करा', आणि मेलला उत्तर नाही. दोन ओळी लिहायला काय जातं यांचं?

व्ह्यू निवडला की डावीकडे 'फ्लॅट पॅटर्न डिस्प्ले' दिसतं. तिथे कोन भरता येतो, 'फ्लिप व्ह्यू'वर टिक करता येते. फ्लिप केलं की बेंड नोटमधलं (पत्रा कुठल्या बाजूला वाकवायचा ते सांगणाऱ्या टिपेतलं) अप-डाऊनही उलटतं. ते उलटायलाच हवं, कारण पत्रा आता पलीकडून दिसतो. नोट हातानं टाइप केल्या असतील तर मात्र त्या तशाच राहतात आणि बेंड उलट्या बाजूला पडतो. म्हणून नोट हातानं लिहूच नका.

ड्रॉइंग सरळ झालं, पण लेझर कटिंगची डीएक्सएफ फाइल आम्ही पार्टमधून, म्हणजे मूळ थ्रीडी मॉडेलमधून काढतो. तिला ड्रॉइंगवरच्या फ्लिपचा पत्ताच नसतो. बेंडिंगवाल्या मामांनी कापलेला तुकडा ड्रॉइंगशेजारी धरला आणि म्हणाले, "साहेब, हे दोन्ही एकच हाय व्हय? बघा की." त्यांचं बरोबर होतं. मग फ्लिप काढलं, पार्टमधलं फ्लॅट-पॅटर्न फीचर एडिट करून फिक्स्ड फेस (पत्रा उलगडताना स्थिर राहणारी बाजू) म्हणून फिल्मची बाजू दिली आणि ड्रॉइंगवर व्ह्यू नव्यानं टाकला. डीएक्सएफ काढताना आउटपुट अलाइनमेंटमध्ये एक्स अक्षाला लांब कड निवडली. आता कागद, फाइल आणि पत्रा तिन्ही जुळले, आणि ड्रॉइंग पास झालं! त्या दिवशी मला खरंच अभिमान वाटला.

हो, गिऱ्हाइकाकडून स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) आली असेल तर तिचं शीट मेटल करायला 'इन्सर्ट बेंड्स' करतानाच फिक्स्ड फेस विचारतात. तिथेच फिल्मची बाजू द्या, पुढचा त्रास वाचतो. आणि ब्रश फिनिशचा पत्रा असेल तर रेघांच्या दिशेचा बाण ड्रॉइंगवर काढाच. नाहीतर २५०० × १२५० मिमीच्या शीटवर पत्रा वाचवायला नेस्टिंगवाला (शीटवर तुकड्यांची मांडणी करणारा) पार्ट ९० अंशांत फिरवतो आणि शेजारच्या दोन पॅनेलांच्या रेघा आडव्या-उभ्या दिसतात.