गोजिराने पाडलेलं टोकियो

गिन्झाच्या चौकात वाको नावाच्या इमारतीवर एक घड्याळ आहे, दर तासाला ठोके देतं. १९३२ साली बांधलेली ही इमारत १९४५च्या बॉम्बवर्षावातून वाचली आणि १९५४ साली गोजिराने, म्हणजे जपानी सिनेमातल्या गॉडझिला या महाकाय राक्षसाने, तिचा मनोरा उपटला. पडद्यावर, अर्थात. तो रात्री इथून चाललेला असतो, नेमके त्याच वेळी ठोके पडतात, बेटा डिवचला जातो आणि घड्याळाचा निकाल लागतो.

मी चौकात उभी राहून ठोक्यांची वाट बघत होते. भाचा माझी वाट बघत होता. तो निशी-कासाईला राहतो आणि टोकियोतल्या अर्ध्याअधिक मराठी आयटीवाल्यांसारखा कामात बुडालेला असतो. "मावशी, लोक इथे खरेदीला येतात गं," तो म्हणाला. मी म्हटलं, "खरेदी तुझ्या आईसाठी कर. मला कुठली भिंत पडली ते बघायचंय."

जुन्या जपानी राक्षसपटांची माझी ओढ खरं तर या पत्त्यांपासून सुरू होते. राक्षस कितीही खोटा असो, तो ज्या रस्त्याने जातो तो रस्ता खरा असतो. शिनागावाला तो रेल्वेगाडी उचलतो, गिन्झा जाळतो, संसद भवन मोडतो, काचिदोकीचा पूल उलथवून खाडीत परत जातो. चालत फिरायचं ठरवलं तर शिनागावा सोडून बाकी सगळं एका दिवसात होतं. युराकुचोला निचिगेकी नावाचं मोठं नाट्यगृह होतं, त्याच्यावर शेपटीचा तडाखा बसतो. ते १९८१मध्ये खरोखरच पाडलं. आता तिथे मारियन नावाचं चकचकीत संकुल आहे आणि शेपटीची आठवण कोणाला असेल असं वाटत नाही.

मात्र गिन्झातच एक जागा अशी आहे, जिथे माझे पाय जरा जड झाले. आज गिन्झा सिक्स नावाचा मॉल आहे, तिथे पूर्वी मात्सुझाकाया हे दुकान होतं. सिनेमात त्या दुकानाच्या भिंतीला टेकून एक बाई पोरांना कवटाळून बसलेली दिसते. आग जवळ येत असते आणि ती पोरांना सांगते की थोड्याच वेळात आपण बाबांकडे जाणार. बस, एवढंच. बाबा कुठे गेले हे कोणी सांगत नाही. युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती, सांगायची गरज नव्हती. मला वाटतं, राक्षसपट म्हणून हसणाऱ्यांनी हा अर्धा मिनिट तरी बघावा.

हसण्यासारखंही पुष्कळ आहे, ते का नाकारा. गोजिरा म्हणजे रबरी सोंग चढवलेला माणूस. विशेष दृश्यांचे कर्ते एइजी त्सुबुराया यांना 'किंग काँग'सारखी एकेका चौकटीसाठी जराजराशी हलवून चित्रित केलेली बाहुली हवी होती, पण तेवढा वेळ आणि पैसा कुठला? मग हारुओ नाकाजिमा या नटाला सोंगात घातलं. पहिलं सोंग सुमारे १०० किलोचं. त्यात धड चालताही येईना. सोंगातून घाम अक्षरशः ओतून काढावा लागे. चाल कशी असावी म्हणून हा माणूस उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं बघत बसे. भोवतीचं शहर साधारण पंचविसाव्या हिश्श्याचं, विजेचे मनोरे मेणाचे, म्हणजे वितळताना खरे वितळणार. कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवायची, म्हणजे पडद्यावर सगळं संथ होतं आणि रबराला वजन येतं. डरकाळी तर कॉन्ट्राबास या भल्यामोठ्या तंतुवाद्याची आहे: तारा सैल करून त्यांवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढायचा. ही कल्पना संगीतकार अकिरा इफुकुबे यांची.

दशावतारातला संकासुर आपल्याच वाडीतला कोणीतरी आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी तो अंगावर आला की बोबडी वळते. इथे तेच होतं. संगणकाने रेखलेल्या राक्षसाचं मला कौतुक वाटतं, भीती वाटत नाही. आत घामाघूम माणूस आहे हे कळलेल्या राक्षसाची वाटते.

संध्याकाळी भाच्याने हौसेने शिंजुकूला नेलं. काबुकिचोत एका इमारतीच्या गच्चीवरून गोजिराचं भलंमोठं डोकं डोकावतं, २०१५ सालापासून. मुंडी आहे, सेल्फीला बरी. पण १९५४चा गोजिरा ५० मीटर उंच होता आणि तेव्हा टोकियोतल्या इमारतींना ३१ मीटरची मर्यादा होती, म्हणून तो सगळ्यांच्या वरून दिसे. आजच्या शिंजुकूत तो बिचारा कचेऱ्यांच्या बाराव्या-पंधराव्या मजल्याशी संपेल. पुढच्या सिनेमांत त्याला ८० मीटर, मग १०० मीटर करावं लागलं ते उगीच नाही. हिबियाच्या चौकातला तीनेक मीटरचा पुतळा मला त्यापेक्षा आवडला. लोक त्याच्या चौथऱ्यापाशी डबा खात बसतात.

खरी जायची जागा मात्र पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. गिन्झा-इच्चोमेहून युराकुचो मार्गिकेने शेवटच्या शिन-किबा स्थानकावर उतरायचं आणि युमेनोशिमा बागेत चालत जायचं. ही जमीन शहराच्या कचऱ्याची भर घालून केलेली. तिथे टोकदार छपराच्या एका दालनात दाइगो फुकुर्यू मारू ही लाकडी मासेमारी नौका आहे, लांबी जेमतेम तीस मीटर. आत गेलं की नौकेचं पोट एकदम अंगावर येतं, मागे सरकून बघायला जागाच नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी या प्रवाळबेटाजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ही ट्यूना पकडणारी नौका जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. आकाश उजळलं, आणि मग पांढरी राख पडायला लागली. प्रवाळाची राख, तासन्‌तास, जाळ्यांवर, केसांत, डोळ्यांत. २३ जण होते, सगळे आजारी पडले. वायरलेस सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. ३ नोव्हेंबरला सिनेमा लागला, आणि त्याच्या पहिल्याच प्रसंगात समुद्रावर झगझगीत उजेड होऊन एक नौका नाहीशी होते. तिकीट काढून आलेल्यांना ही नौका कोणती ते समजावून द्यावं लागलं नसणार. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः युद्धातून परतताना हिरोशिमा बघून आलेले होते.

बाहेर कुबोयामांचं एक स्मारक आहे. अणुबॉम्ब-हायड्रोजन बॉम्बचा बळी म्हणून मी शेवटचा ठरावा, असं त्यावर लिहिलंय. भाच्याने ते वाचून सांगितलं आणि मग बराच वेळ फोन खिशातच ठेवला, हे त्याच्या बाबतीत नमूद करण्याजोगं आहे.

परतीच्या गाडीत त्याने विचारलं, "मावशी, तो सिनेमा मराठी सबटायटल्ससह मिळतो का?" मराठीत कुठला मिळायला, इंग्रजीवर भागवावं लागेल. फक्त जपानी मूळ प्रतच शोधा. १९५६ साली अमेरिकेत जी प्रत लागली तिच्यात एक अमेरिकी वार्ताहर घुसवला आहे आणि बरंच मूळचं कापून टाकलं आहे. युमेनोशिमाचं दालन सोमवारी बंद असतं, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मूळ प्रत दीड तासाची आहे. ती आधी बघा आणि नंतर तिकडे जा.