गिंझात मुक्काम: सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल असं हॉटेल शोधताना

टोकियोला जाताय ते ठीक, पण राहायला गिंझाच कशाला, असं रत्नागिरीत भेटेल त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. गिंझा ही टोकियोतली सगळ्यात महागडी बाजारपेठ, जपानातले जमिनीचे सगळ्यात चढे भावही तिथलेच, आणि आम्हाला तिथे खरेदी तर काहीच करायची नव्हती. पण आमच्या लेकीचं ऑफिस युराकुचोला, म्हणजे गिंझाला अगदी लागून. तिची खोली कंपनीने दिलेली, एका माणसापुरती, पाहुणे ठेवायची परवानगी नाही. ती सुटणार संध्याकाळी उशिरा. आम्ही स्वस्तात कुठे लांब राहिलो असतो तर तिचा वेळ ट्रेनमध्ये गेला असता आणि आमच्यापर्यंत पोचेतो पोर दमून झोपायला आली असती. तिला भेटायलाच निघालो होतो. तेव्हा तिच्याजवळ राहायचं, एवढं ठरलेलं होतं.

बाकी सगळं ठरायचं होतं. जाणारे तिघं: मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंची पंचाहत्तरी होऊन गेली आहे आणि दोन्ही गुडघे दुखरे. चालतात, पण सावकाश, आणि आमच्या घराखालची पाखाडी उतरताना हात धरायला कुणीतरी लागतं. तारखाही आमच्या मर्जीच्या नव्हत्या. कलमांचा व्याप असला की जानेवारीपासून मेअखेरपर्यंत घर सोडता येत नाही. भातकापणी आटपल्यावर आणि मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत जी फट मिळते ती नोव्हेंबरात. नेमके तेव्हाच जपानात पानांचे रंग बघायला लोक लोटतात, त्यात 3 आणि 23 नोव्हेंबर या तिकडच्या सुट्ट्या. त्या दोन्ही तारखा आणि शक्यतो शनिवारची रात्र टाळायची, हे लेकीने सुरुवातीलाच बजावलं. त्याच खोलीचा दर शनिवारी केवढा चढतो हे स्वतः बघितल्यावर मला तिचं म्हणणं पटलं.

शोधाशोध श्रावणात सुरू झाली. आमचे संध्याकाळचे सात म्हणजे तिचे रात्रीचे साडेदहा, तेवढा वेळ फोनवर. पाऊस आणि गेलेली वीज यांच्यामधून जेवढं जमेल तेवढं.

आधी गावातल्या एका एजंटकडे गेलो होतो. त्याने ‘गिंझातलंच आहे’ म्हणून एक हॉटेल दाखवलं, दरही बरा होता. लेकीने पत्ता नकाशावर टाकला तर ते सुमिदा नदीच्या पलीकडे निघालं. तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली. हॉटेलच्या नावात गिंझा आहे की नाही ते बघायचंच नाही, कारण आजूबाजूच्या वस्त्यांतली कितीतरी हॉटेलं ते नाव लावतात. पत्ता बघायचा. खऱ्या गिंझाच्या पत्त्यात चुओ-कू म्हणजे चुओ हा टोकियोचा विभाग, मग गिंझा आणि पुढे एक ते आठपैकी चोमे, म्हणजे वस्तीचा नंबर दिलेला भाग, येतो. एक चोमे उत्तरेला क्योबाशीच्या बाजूला, आठ चोमे दक्षिणेला शिम्बाशीच्या बाजूला, आणि मधून जाणारा चुओ-दोरी हा मुख्य रस्ता साधारण एक किलोमीटरचा. एवढं डोक्यात बसलं की नकाशा सोपा होतो.

मधोमध चार चोमेचा चौक. 1932 साली बांधलेली वाकोची घड्याळाची इमारत आणि समोर मित्सुकोशी. फोटोत गिंझा म्हणून जे दिसतं ते हेच. चौकाखाली गिंझा स्टेशन, तिथे तीन मेट्रो एकत्र येतात. यांचा जीव याच चौकापाशी अडकला होता, ‘स्टेशनच्या डोक्यावर राहिलं की आईला चालायला नको’ म्हणून. पण गिंझा लाइन जुनी. तिचा पहिला टप्पा 1927 चा, आशियातली ती पहिली भुयारी मेट्रो. अशा जुन्या स्टेशनांवर लिफ्ट मागाहून बसवल्या आहेत, त्यामुळे त्या प्रत्येक एक्झिटला नाहीत. एक्झिटची संख्या भरपूर. हॉटेलच्या पानावर ‘स्टेशनपासून 2 मिनिटं’ लिहिलेलं असतं ते सगळ्यात जवळच्या एक्झिटपासून, आणि तो एक्झिट नुसता जिन्यांचा असू शकतो. लिफ्टवाल्या दारापासून मोजलं तर ती दोन मिनिटं कुठल्या कुठे जातात. पाय दुखणारं माणूस बरोबर असेल तर हा एक आकडा दराच्या आधी तपासावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

म्हणून आम्ही पूर्वेकडे सरकलो. चुओ-दोरीला समांतर शोवा-दोरी नावाचा खूप रुंद रस्ता आहे, तो ओलांडला की दुकानांचा झगमगाट ओसरतो आणि दरही उतरतात. तिथलं स्टेशन हिगाशी-गिंझा, काबुकीझा नाट्यगृहाच्या पायाशी. या स्टेशनावर असाकुसा लाइन येते आणि तिच्या काही गाड्या पुढे थेट हानेदा विमानतळापर्यंत जातात, उलट्या बाजूच्या काही नारिताला. आमचं विमान हानेदाला उतरणार होतं. म्हणजे विमानतळावर बसलं की अर्ध्या तासाच्या आसपास हॉटेलच्या स्टेशनावर, मध्ये गाडी बदलायची नाही, बॅगा चढवा-उतरवायच्या नाहीत.

यांना आणखी एक लालूच होती ती त्सुकिजीची. तिथला घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला, पण त्याच्या बाहेरची दुकानांची पेठ आहे तिथेच राहिली, आणि ती हिगाशी-गिंझापासून चालत जाण्यासारखी आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी घिरट्या घातल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही, त्यांना जपानात जाऊन मासळी बघायची नाही हे कसं चालेल? फक्त रविवारी आणि काही बुधवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, ते धरून दिवस आखले.

जागा ठरली, आता खोली. इथे खरं डोकं लावावं लागलं.

गिंझातल्या मध्यम दराच्या हॉटेलांत दोघांची खोली पुष्कळदा 15 ते 18 चौरस मीटरची असते. हा आकडा वाचून काही कळत नाही. शेवटी हे टेप घेऊन पडवीत बसले आणि पाच मीटर बाय तीन मीटरची चौकट खडूने आखली. त्यात बाथरूमसाठी एक कोपरा सोडला, शंभर-शंभर सेंटीमीटर रुंदीच्या दोन खाटांच्या जागी दोन सतरंज्या अंथरल्या आणि आमच्या तीन मोठ्या बॅगा आणून ठेवल्या. बॅगा आडव्या उघडल्यावर चालायला जागाच उरली नाही. सासूबाई काठी घेऊन त्या चौकटीत एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “अगो, रात्री उठले तर मी पडेन हो इथे.” तिथेच 18 चौरस मीटरच्या आतल्या सगळ्या खोल्या यादीतून गेल्या.

डबल आणि सेमी-डबल या शब्दांकडेही लक्ष द्यावं. जपानात सेमी-डबल खाट साधारण 120 सेंटीमीटर रुंद असते आणि ती दोघांची खोली म्हणून मिळते. आणि तिसऱ्या माणसासाठी ‘एक गादी खाली टाकू’ हा आपला घरगुती हिशेब तिथे चालत नाही. प्रत्येक माणसाचं नाव लागतं, परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत घेतात, आणि दरही कितीतरी ठिकाणी माणशी असतो. शोधतानाच तीन माणसं भरायची, म्हणजे खोटे स्वस्त दर समोर येत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला न्हाणीघरावर. तिथल्या साध्या हॉटेलांत ‘युनिट बाथ’ असतो. कारखान्यात साच्यातून काढलेलं अख्खं न्हाणीघर आणून खोलीत बसवायचं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी हॉटेल न्यू ओतानी कमी वेळात उभं करायचं होतं तेव्हा ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. जागा वाचते, स्वच्छ राहतं, सगळं खरं. पण त्याच्या तळाखालून पाइप जातात म्हणून दारात उंच पायरी असते, आणि आंघोळीला टबाची कड ओलांडून आत उभं राहावं लागतं. तरुण माणसाला यात काही वाटणार नाही. गुडघा न वाकणाऱ्या बाईने ओल्या पायाने ती कड कशी ओलांडायची? हॉटेलांच्या फोटोंत टब दिसतो, साबणाच्या बाटल्या दिसतात, पायरी कधीच दिसत नाही.

त्यावरचा उपायही जपानी घरांतच सापडला. त्यांच्याकडे घरात टबाबाहेर आंघोळ करायची जागा असते. छोट्या स्टुलावर बसायचं, लहानशा भांड्यातून अंगावर पाणी घ्यायचं, स्वच्छ झाल्यावर मग हवं तर टबात बसायचं. लेकीने तसा फोटो दाखवला तेव्हा सासूबाईंचा चेहरा खुलला. बादली-तांब्याने पाटावर बसून आंघोळ करणाऱ्या बाईला ही सोय लगेच ओळखीची वाटली. मग आम्ही फक्त टबाबाहेर आंघोळीची वेगळी जागा असलेल्या खोल्या बघायला लागलो. कुटुंबांसाठी असलेल्या, लहानसं स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलांत अशा खोल्या जास्त मिळतात. स्वयंपाकघराचाही मोठा आधार होता. सासूबाईंना सकाळी मऊ भात लागतो, आणि सोमवारी, संकष्टीला त्या मासळी खात नाहीत. तिथल्या भाजीच्या रश्शातही बऱ्याचदा बोनिटो माशाचं पाणी असतं, त्यामुळे बाहेर त्यांचं त्या दिवशी अवघड होतं.

लेकीचा स्वतःचा ओढा तीन चोमेतल्या मुजी हॉटेलकडे होता. 2019 साली उघडलेलं, मुजीच्या मोठ्या दुकानाच्याच इमारतीत, फोटो बघून कुणालाही मोह व्हावा असं. पण तिघांना एका खोलीत राहायचं होतं, सासूबाईंना परक्या मुलखात रात्री एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून ते मागे पडलं.

शेवटी दोन हॉटेलं राहिली. लेकीने दोघांनाही जपानीत ईमेल पाठवलं आणि साधे प्रश्न विचारले. न्हाणीघराच्या दारातली पायरी किती सेंटीमीटर? भिंतीला धरायला दांडी आहे का? बसायचं स्टूल किती उंच? खोली धूम्रपानाची तर नाही ना? स्टेशनच्या लिफ्टपासून दारापर्यंत वाटेत पायऱ्या आहेत का? एका हॉटेलकडून गोड शब्दांत मोघम उत्तर आलं. दुसऱ्याने दुसऱ्याच दिवशी पायरीला पट्टी लावून काढलेला फोटो पाठवला. पायरी नावापुरतीच होती. आमच्या न्हाणीच्या उंबऱ्याला टेप लावला तर तो तिच्याहून उंच भरला. “एवढं चढेन मी,” सासूबाई म्हणाल्या, आणि हॉटेल ठरलं.

तरीही पैसे भरण्याआधी लेक एकदा जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन आली. हिगाशी-गिंझाच्या लिफ्टमधून वर आली आणि फोन हातात धरून हॉटेलच्या दारापर्यंत आजीच्या चालीने चालली. मध्ये दोनदा थांबलीसुद्धा, आजी थांबली असती तशी. वाटेत एक सिग्नल होता. तो हिरवा झाल्यावर आजीला पलीकडे पोचायला वेळ पुरेल का, हे तिने दोन फेऱ्या मारून बघितलं. मला त्या व्हिडिओइतकी खात्री कुठल्याच रिव्ह्यूने दिली नव्हती.

बुकिंग केलं ते फुकट रद्द करता येईल असंच, थोडा दर जास्त पडला तरी. व्हिसाच्या कागदांत मुक्कामाचा पत्ता आणि दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो, आणि व्हिसा हातात येण्याआधी न परत मिळणारे पैसे अडकवणं आम्हाला मान्य नव्हतं. पैसे येनमध्येच भरले. वेबसाइटवर रुपयांत दाखवलेली रक्कम दिसायला सोयीची, पण त्यात त्यांचा विनिमयाचा दर मिसळलेला असतो. वर टोकियोचा मुक्काम कर होता, माणशी रात्रीला दर 10,000 येनपासून 100 येन आणि 15,000 पासून 200 येन. रक्कम किरकोळ, पण ती बऱ्याचदा हॉटेलातच वेगळी मागतात, म्हणून आधी माहीत असलेली बरी.

पोचलो तेव्हा सकाळ होती आणि खोली दुपारी तीनलाच मिळणार होती. बॅगा काउंटरवर ठेवून घेतल्या, सासूबाईंना लॉबीत खुर्ची दिली. हे लगेच त्सुकिजीकडे गेले. तीनला वर गेल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा न्हाणीघर गाठलं, दांडी हलवून बघितली, स्टुलावर बसून बघितलं आणि गरम पाण्याने मनसोक्त आंघोळ केली. रोज संध्याकाळी लेक ऑफिसातून चालत यायची, आम्ही खोलीतच वरण-भात टाकायचो आणि ती आजीच्या शेजारी बसून जेवायची.

खुद्द गिंझाही सासूबाईंनी बघितली. शनिवार-रविवारी दुपारी बारापासून चुओ-दोरीवर गाड्या बंद करतात, ऑक्टोबर ते मार्चमध्ये पाचपर्यंत. त्या वेळात अख्खा रस्ता माणसांचा असतो. सासूबाई त्या रस्त्यावर नातीचा हात धरून, सावकाश, चार चोमेच्या घड्याळापर्यंत चालल्या. दुकानांत काही शिरल्या नाहीत. परतायला हिगाशी-गिंझा जवळच होतं, आणि लिफ्ट कुठे आहे ते आता त्यांनाच पाठ झालं होतं.